नर्सेस नोट्सचं ते पान पुन्हा लिहू नका

प्रश्न : मी कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये आयसीयूला स्टाफ नर्स आहे. मागच्या महिन्यात माझ्या नाईटला ऑपरेशन झालेल्या एका पेशंटचं बीपी पहाटे २.४० ला एकदम उतरलं. मी स्वतःच्या मोबाईलवरून आरएमओंना (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना) फोन केला, २.५५ ला पुन्हा केला आणि मॉनिटरचा व चार्टचा फोटो आयसीयूच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. डॉक्टर ३.३० ला आले. सकाळी पेशंट गेले. जे झालं ते वेळेसकट नर्सेस नोट्समध्ये लिहून मी ड्युटी संपवली. नातेवाईकांनी केसपेपर मागितल्यावर इन्चार्ज सिस्टरांनी माझ्यापुढे कोरं पान ठेवलं. 'डॉक्टर २.४५ ला आले असं लिही, जुनं पान काढून टाकू,' म्हणाल्या. मी अजून लिहिलेलं नाही. जुन्या पानाचा फोटो माझ्याकडे आहे. कॉम्प्युटरवर मात्र माझ्याच लॉगिननं दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता तशी नोंद झालेली दिसते. त्या वेळी मी घरी झोपले होते. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर लिहिलेला असतो, सगळे तोच वापरतात. आता मॅनेजमेंटनं मला कारणे दाखवा नोटीस दिली आहे : पेशंटचे फोटो मोबाईलवरून पाठवून गोपनीयतेचा भंग केला, सात दिवसांत खुलासा करा. पान लिहून दिलं तर नोटीस मागे घेऊ, असं तोंडी सांगतात. नातेवाईकांपैकी एकजण आमच्या कागल तालुक्यातल्या गावचाच आहे. तो आईला सारखा फोन करतो, 'ताईकडचा फोटो द्या' म्हणतो. काय करू? राजीनामा देऊन मोकळी होऊ का?

उत्तर : ताई, आधी त्या पानाचं बोलू. ते लिहू नका. आज तुम्ही या प्रकरणात साक्षीदार आहात, ते पान लिहिलंत की आरोपी व्हाल. भारतीय न्याय संहितेचं कलम २२८ नेमकं यावरच आहे. पुढे न्यायालयात पुरावा म्हणून समोर यावी या हेतूनं नोंदवहीत किंवा इलेक्ट्रॉनिक अभिलेखात खोटी नोंद करणं, याला कायदा बनावट पुरावा तयार करणं म्हणतो. न्यायालयीन कामासाठी असं केलं तर कलम २२९ प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुनं पान काढून टाकणं हा आणखी वेगळा गुन्हा, त्यासाठी कलम २३८ आणि २४१ आहेत. 'इन्चार्जनी सांगितलं म्हणून लिहिलं' हे उत्तर कोर्टात चालत नाही, कारण खाली सही तुमची असते.

शिवाय असं पान लपत नाही. केसपेपर म्हणजे फक्त नर्सेस नोट्स नव्हेत. एबीजी म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी करणाऱ्या मशीनच्या चिठ्ठीवर वेळ छापलेली असते. औषधाच्या इंडेंटवर (मागणीपत्रावर) आणि फार्मसीच्या बिलावर वेळ असते, मॉनिटरच्या मेमरीत रीडिंग असतात. समजा बीपी चढवणाऱ्या नॉरॲड्रेनलिनचं बिल ३.४० चं निघालं, तर डॉक्टर २.४५ ला आले आणि पंचावन्न मिनिटं औषध मागवलं नाही असा अर्थ होईल. हे डॉक्टरांच्याही अंगलट येणारं आहे. पान बदलायला सांगणाऱ्यांनी एवढा विचार केलेला नसतो, त्यांना फक्त नातेवाईक दारातून जायला हवे असतात.

नोंदीत खरोखरच काही राहून गेलं असेल, तर ते भरण्याची सरळ पद्धत आहे आणि ती तुम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलीच आहे. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही, तारीख, वेळ. व्हाइटनर लावायचा नाही. उशिरा सुचलेली गोष्ट असेल तर 'उशिरा केलेली नोंद' असं वर लिहून लिहितानाची खरी तारीख-वेळ टाकायची आणि मग घटना लिहायची. अशा नोंदीवर कोर्ट प्रश्न विचारेल, पण तिला बनावट म्हणणार नाही.

एक अवघड गोष्ट आत्ताच सांगतो, कारण उलटतपासात ती पहिली येईल. २.५५ ते ३.३० या पस्तीस मिनिटांत तुम्ही काय केलं? कन्सल्टंटना फोन केला का? सलाईन वाढवलं, ऑक्सिजन वाढवला, कुणाला धावत पाठवलं का? जे केलंत आणि नोंदीत आहे ते तुमच्या बाजूचं आहे. जे केलंत पण लिहायचं राहिलं, ते उशिरा केलेली नोंद म्हणून आजच्या तारखेनं लिहिता येईल. जे केलंच नाही, ते मात्र आता कुठेही घालू नका. खरं पान तुमच्याविरुद्ध एखादा प्रश्न उभा करत असलं तरी तेच धरून राहा. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये ठरवून दिलं की वैद्यकीय निष्काळजीपणा फौजदारी गुन्हा ठरण्यासाठी तो ढोबळ, ठळक स्वरूपाचा असावा लागतो. दोन वेळा फोन करून, फोटो पाठवून डॉक्टरांची वाट पाहणाऱ्या नर्सबाबत ती पातळी गाठणं सोपं नाही. खोटं पान लिहिलंत तर ही सगळी भक्कम बाजू एका सहीत जाते.

आता लॉगिनचं. तुम्ही घरी असताना तुमच्या नावानं नोंद झाली, हा साधा घोटाळा नाही. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिक हेतूनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. संगणकातली माहिती अप्रामाणिकपणे बदलल्यास कलम ४३ आणि ६६ लागतात. तुमच्या नावानं तुम्ही न केलेली नोंद तयार केल्यास न्याय संहितेचं बनावट दस्तऐवजाबद्दलचं कलम ३३६ पुढे येतं. समोरचे म्हणतील, पासवर्ड सगळ्यांना माहीत होता, मग नोंद तुम्हीच केली नाही कशावरून? म्हणून 'मी केली नाही' एवढ्यावर थांबू नका. हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल असतो : कुठल्या आयडीनं, किती वाजता, कुठल्या कॉम्प्युटरवरून नोंद झाली, आधी काय होतं. तुमची बायोमेट्रिक हजेरी त्या सकाळी तुम्ही बाहेर पडल्याची वेळ सांगेल. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग मात्र थोड्याच दिवसांत नव्या रेकॉर्डिंगखाली पुसलं जातं आणि तुमच्या प्रकरणात महिना होत आलाय. म्हणून पत्र आजच गेलं पाहिजे. अगदी साधं लिहा :

'अमुक तारखेच्या रात्रपाळीत मी केलेल्या नोंदी खऱ्या असून त्या बदलण्यास मी तयार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता माझ्या लॉगिनवरून झालेली नोंद मी केलेली नाही. त्या वेळी मी ड्युटीवर नव्हते. मूळ केसपेपर, ऑडिट ट्रेल, बायोमेट्रिक हजेरी व आयसीयूचे सीसीटीव्ही चित्रीकरण जतन करावे. मला स्वतंत्र पासवर्ड द्यावा.'

एवढंच. आरोप नको, डॉक्टरांबद्दल मत नको, पेशंटचं नाव नको, फक्त आयपीडी नंबर (पेशंटच्या भरतीचा नंबर). ते ईमेलनं पाठवा आणि स्पीड पोस्टानं पोहोचपावतीसह पाठवा. हातानं दिलं तर दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. शिक्का द्यायला नकार आला तर वाद घालत बसू नका, पोस्टाची पावती पुरते.

चिकटपट्टीवरच्या पासवर्डबद्दल मला मनापासून राग आहे. पाच जणींना एक लॉगिन द्यायचं, आणि काही झालं की ज्या सिस्टरचं नाव स्क्रीनवर दिसतं तिच्या गळ्यात घालायचं, हे आपल्याकडे सर्रास चाललंय. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत वैद्यकीय नोंदी 'संवेदनशील वैयक्तिक माहिती' आहेत आणि त्या सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्या बाळगणाऱ्या संस्थेची आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि हॉस्पिटलसारख्या संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. त्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, आणि तो संस्थेला आहे, नर्सला नाही. खुलाशात हे भांडणाच्या सुरात लिहू नका, पण पासवर्ड कसा ठेवला जातो ते वस्तुस्थिती म्हणून जरूर लिहा.

मग गोपनीयतेचा भंग तुम्ही केला का? फोटोचे दोन भाग करून बघू. ढासळत्या पेशंटचा मॉनिटर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवणं हा उपचाराचाच भाग आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२ए ला कुणाचं गैरवाजवी नुकसान किंवा स्वतःचा गैरवाजवी फायदा करण्याचा हेतू, किंवा तसं होईल ही जाणीव लागते. पहाटे डॉक्टरांना बोलावणाऱ्या सिस्टरकडे तो हेतू कुठून असणार? कमकुवत बाजू आहे ती ग्रुपची. त्या ग्रुपमध्ये बिलिंगची माणसं, सुट्टीवरचे, नोकरी सोडून गेलेलेही असतील, तर चार्टवरचं नाव आणि निदान त्यांच्याही फोनमध्ये गेलं. खुलाशात सरळ लिहा की ग्रुप हॉस्पिटलच्या कामासाठी वरिष्ठांच्या माहितीत चालतो, रोजचे रिपोर्ट त्यावरच मागवले जातात आणि तातडीचा दुसरा मार्ग दिलेला नव्हता. वरिष्ठांनी त्याच ग्रुपवर रिपोर्ट मागवल्याचे जुने मेसेज असतील, तर ते वकिलाला दाखवा. इथून पुढे फोटो फक्त संबंधित डॉक्टरांना, नाव झाकून, बेड नंबरसह.

जुन्या पानाचा फोटो डिलीट करू नका, आणि कुणाला फॉरवर्डही करू नका. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोतला मूळ तपशील जातो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि ते मूळ फोनशी जोडलेलं असतं. तेव्हा फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, त्या रात्रीचा कॉल लॉग जपा. तुमच्या वकिलाला दाखवा. पोलिसांनी किंवा कोर्टानं रीतसर मागितला तर द्या.

आणि म्हणूनच गावच्या त्या माणसालाही द्यायचा नाही. हे तुम्हाला जड जाईल, मला कळतं. घरात माणूस गेलंय, त्यांना खरं कळायला हवं, आणि खरं तुमच्या फोनमध्ये आहे. पण फोन करणारा पेशंटचा वारस आहे की चुलत मेहुणा, त्याच्याकडून तो फोटो कुठे जाईल, हे तुम्हाला माहीत नाही. दिलात की आज खोटी असलेली नोटीस खरी होते. वारसांचा हक्क मात्र पक्का आहे. मुंबई उच्च न्यायालयानं १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा प्रकरणात पेशंटला व नातेवाईकांना केसपेपरच्या प्रती मिळाल्याच पाहिजेत असं सांगितलं, आणि २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. आईनं फोनवर एवढंच म्हणावं : 'पोरगी काही देऊ शकत नाही. तुम्ही लेखी अर्ज करा, तुमचा वकील बघा.' यात तुम्ही गुपित फोडत नाही आणि त्यांचा रस्ताही अडवत नाही.

ते ग्राहक आयोगात गेले तर त्यांना दोन वर्षांची मुदत आहे. म्हणजे नोटीस येईल तेव्हा तुम्ही कदाचित पुण्यात असाल, कदाचित परदेशात. सामनेवाले म्हणून मुख्यतः हॉस्पिटल असेल. सविता गर्ग प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की आपल्या डॉक्टर-नर्सच्या कामाला हॉस्पिटल जबाबदार असतं, त्यांना वेगळं पक्षकार केलं नाही म्हणून तक्रार फेटाळता येत नाही. साक्षीला मात्र तुम्हाला बोलावतील. म्हणून त्या रात्रीचं जे आठवतं ते आजच, आजची तारीख टाकून, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवा. घटनेनंतर लवकर लिहिलेलं टिपण साक्षीच्या वेळी आठवण ताजी करायला बघता येतं, साक्ष्य अधिनियमाचं कलम १६२ तेच सांगतं.

पोलिसांचा फोन आला तर घाबरून एकट्या जाऊ नका. साक्षीदार महिलेला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब राहत्या घरी घ्यावा लागतो, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १७९ मध्ये आहे. तपासात दिलेल्या जबाबावर सही करायची नसते. आलेली नोटीस कलम ३५(३) ची असेल तर गोष्ट वेगळी, कारण ती संशयिताला देतात. तेव्हा आधी वकील, मग हजेरी, आणि गरज पडल्यास जिल्हा न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज.

राजीनामा आत्ता देऊ नका. खुलासा न देता गेलात तर 'चूक होती म्हणून पळाली' अशी नोंद तुमच्या फाईलला होईल, आणि ती फाईल त्यांच्या हातात राहील. नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणी रद्द करवू अशी धमकी आली तर एवढं लक्षात ठेवा की तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कौन्सिल असं करू शकत नाही. जीएनएमची (नर्सिंग डिप्लोमाची) मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलनं ठेवून घेतली असतील तर ती परत मागणारं वेगळं पत्र द्या, ती त्यांची मालमत्ता नाही. सहा महिन्यांनी, खुलासा आणि पत्रं दाखल झाल्यावर, दुसरीकडे जायचं असेल तर खुशाल जा.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. नोटीस, ड्युटी रोस्टर, नेमणूकपत्र आणि तो फोन घेऊन उद्याच जा. सात दिवसांतले किती गेले ते तुम्ही लिहिलेलं नाही. मुदत अपुरी वाटली तर खुलाशासाठी आणखी पंधरा दिवस मागणारा दोन ओळींचा अर्ज आधी द्या आणि त्यासोबत तुमच्याविरुद्धच्या तक्रारीची व त्या फोटोंची प्रतही मागा.