प्रोबेशनवर असताना कोर्टाचे पैसे थकले तर

प्रिय मित्रा,

पैसे जमले नाहीत म्हणून कोर्टाची तारीख चुकवू नकोस. हातात पैसे नाहीत, हे कोर्टाला सांगता येतं. न सांगता गैरहजर राहिलास, तर वॉरंट निघू शकतं आणि मग तेच म्हणणं कोणी फारसं मनावर घेत नाही.

आधी आदेशाची प्रमाणित नक्कल काढ आणि रक्कम नेमकी कशाची आहे ते वाच. अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 च्या कलम 4 प्रमाणे कोर्ट शिक्षा देण्याऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर (लेखी हमीवर) सोडतं; हेच प्रोबेशन. दंड हीसुद्धा शिक्षाच. त्यामुळे त्याच गुन्ह्यात प्रोबेशनसोबत आलेली रक्कम बहुधा कलम 5 ची नुकसानभरपाई किंवा खटल्याचा खर्च असते. खरा दंड असेल तर तो दुसऱ्या गुन्ह्याचा किंवा दुसऱ्या केसचा असण्याची शक्यता जास्त. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

नुकसानभरपाई असेल तर थेट प्रोबेशन ऑफिसरकडे जा. ती भरण्यासाठी सल्ला आणि मदत देणं हे कलम 14 नुसार त्यांचं कामच आहे, उपकार नव्हे. बाँडच्या अटीत बदल हवा असेल, तर कलम 8 खालचा अर्जही त्यांच्याकडूनच जातो. मुदत वाढवून मिळाली तरी मूळ आदेशापासून एकूण 3 वर्षांच्या पुढे जात नाही. रक्कम भरणं ही बाँडची अट आहे का, तेही पाहून ठेव. अट मोडली तर कलम 9 लागतं: कोर्ट तुझ्यासह जामीनदारालाही समन्स काढू शकतं आणि मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकतं. पहिल्याच चुकीला 50 रुपयांपर्यंत दंड लावून बाँड चालू ठेवण्याचीही मुभा आहे. आकडा क्षुल्लक वाटेल, पण दिलेल्या मुदतीत तोही भरला नाही तर मूळ शिक्षेची वाट मोकळी होते.

दुसऱ्या केसमध्ये फक्त दंड आणि ‘न भरल्यास कैद’ असा निकाल असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 464 (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 424) कामाला येतं. कोर्ट 30 दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं, किंवा दोन-तीन हप्ते पाडून देऊ शकतं. पहिला हप्ता 30 दिवसांच्या आत, पुढचे जास्तीत जास्त 30-30 दिवसांच्या अंतराने. तोवर कैद स्थगित ठेवून बाँडवर सोडता येतं. मात्र हप्ता चुकला की कैद लगेच लागू होऊ शकते, म्हणून बढाई मारून मोठा हप्ता कबूल करू नकोस. अर्जात महिन्याची कमाई, भाडं, घरात अवलंबून असलेली माणसं आणि आज किती भरतो आहेस ते लिही. पगाराची स्लिप जोड. थोडी रक्कम सोबत नेलीस तर अर्जाला वजन येतं.

अर्धवट भरलेले पैसे वाया जात नाहीत. समज, दंड 4,000 रुपये आणि न भरल्यास 4 महिने कैद. कैदेचा पहिला महिना संपायच्या आत 3,000 भरले, तर तो महिना पूर्ण होताच सुटका होते. मुळीच न भरल्यास मालमत्ता जप्तीचं वॉरंट निघू शकतं, आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फतही होते.

सगळ्यात जास्त घोटाळा भरण्याच्या पद्धतीत होतो. फिर्यादीच्या हातात रोख दिली आणि कागद केला नाही, तर कोर्टाच्या लेखी तू थकबाकीदारच. पोलिसाकडे किंवा मध्यस्थाकडे ‘भरून टाका’ म्हणून पैसे देणं तर त्याहून वाईट. कोर्टातच जमा कर, पावतीवर केस नंबर आणि तुझं नाव तिथल्या तिथे तपास, आणि पावतीची झेरॉक्स जोडून पुरशिस (कोर्टाला दिलेलं छोटं लेखी निवेदन) दे. नाझरकडे (कोर्टाच्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) पैसे पोचले म्हणजे ते तुझ्या फाइलमध्ये नोंदले गेले असं नाही. पत्ता बदलला तर प्रोबेशन ऑफिसरला लेखी कळव. समन्स जुन्या पत्त्यावर जातं आणि तुला कळतं तोवर वॉरंट निघालेलं असतं.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कर, हेल्पलाइन 15100.

पूर्ण रक्कम भरून झाली की प्रोबेशन ऑफिसरकडून पूर्ततेचं लेखी घे. परिवीक्षा अधिनियमाच्या कलम 12 मुळे दोषी ठरल्याने येणारी कायदेशीर अपात्रता तुला लागत नाही, पण नंतर मूळ गुन्ह्यात शिक्षा झाली तर हे संरक्षण जातं. म्हणून या पावत्या बाँडची मुदत संपल्यावरही फेकू नकोस.