करारावर सही करण्याआधी

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, अकरावी सायन्सला. सातवीपासून बॉक्सिंग करतो. यंदा शालेय राज्य स्पर्धेत त्याला रौप्यपदक मिळालं. आता म्हणतो, कॉलेज सोडतो आणि प्रोफेशनल होतो. मोबाइलवर दिवसभर मेवेदर आणि पॅकियाओच्या लढती चालू असतात. एका मॅनेजरनं पाच वर्षांचा करार पुढे केला आहे. मिळकतीतले 40 टक्के त्यांचे, आणि परदेशातल्या कॅम्पसाठी आधी दीड लाख आम्ही भरायचे. मिस्टर एसटीत चालक आहेत, ते म्हणतात पोराच्या आड येऊ नको. मला पैशापेक्षा त्याच्या डोक्याला लागणाऱ्या माराची भीती वाटते. काय करावं?
– एक आई, अकोला

ताई, नमस्कार.

आधी दीड लाखाचं सांगतो, कारण तुमच्या पत्रातला तो सगळ्यात सोपा प्रश्न आहे. भरू नका. या धंद्यात मॅनेजरची कमाई बॉक्सरच्या मानधनातल्या वाट्यातून होते, त्याच्या आईबापांच्या खिशातून नाही. ज्याला पोरात खरंच दम दिसतो तो स्वतःचे पैसे लावतो. 1960 साली रोम ऑलिंपिकचं सुवर्ण घेऊन परतलेल्या अठरा वर्षांच्या कॅशियस क्लेच्या, म्हणजे पुढच्या मुहम्मद अलीच्या, पाठीशी लुईव्हिल शहरातले अकरा धनिक उभे राहिले. त्यांनी सही करतानाच त्याला रोख रक्कम दिली, सरावाचा खर्च उचलला आणि मिळकतीतला काही भाग त्याच्या निवृत्तीनंतरसाठी बाजूला ठेवायची अटही घातली. धर्मादाय नव्हता तो, मिळकतीत त्यांचा भक्कम वाटा होता. पण पैसा कुठून कुठे गेला ते बघा.

दुसरं असं की तुमचा मुलगा कायद्यानं अजून अज्ञान आहे. अठरा पूर्ण नसलेल्यानं केलेला करार आपल्याकडे रद्दबातल ठरतो. हे त्या मॅनेजरलाही माहीत असणार, म्हणून सही तुमची किंवा मिस्टरांची मागतील. ती वकिलाला कागद दाखवल्याशिवाय देऊ नका. वकील अकोल्यातलाच चालेल, बॉक्सिंग कळणारा हवा असं नाही. त्याला एवढंच विचारा : पाच वर्षं कधीपासून मोजायची? वर्षाला किमान किती लढती देणार, हे लिहिलंय का? मुलगा जायबंदी झाला तर उपचार कुणाच्या खर्चानं? आणि लढती मिळाल्याच नाहीत तर आम्ही सुटणार कसे? बहुतेक अशा कागदांवर बॉक्सरनं काय करायचं नाही ते चार पानं असतं, समोरच्यानं काय करायचं ते चार ओळी.

आता मेवेदर. मुलाला त्याची गाडी दिसते, विमान दिसतं. अमेरिकेचा फ्लॉइड मेवेदर 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेऊन मग व्यावसायिक झाला. आणि दहा वर्षं लढल्यावर, 2006 मध्ये, त्यानं स्वतःच्या प्रमोटरला, म्हणजे लढती भरवणाऱ्याला, साडेसात लाख डॉलर देऊन स्वतःला करारातून सोडवून घेतलं. लोक त्याला वेड्यात काढत होते. पुढच्याच वर्षी तो ऑस्कर डी ला होयाशी लढला आणि तिथून त्याचा खरा पैसा सुरू झाला. 2015 साली पॅकियाओविरुद्धच्या एका रात्रीत वीस कोटी डॉलरच्या वर त्याला मिळाले, कारण तोवर तिकीट, टीव्ही आणि जाहिरात यांतल्या वाट्याची बोलणी तो स्वतः करत होता. बचाव त्याचा अफाट होता, पण श्रीमंत तो कागद वाचता येत होते म्हणून झाला. हे मुलाला जरूर सांगा. तुम्ही सांगितलंत तर लेक्चर वाटेल, मिस्टरांना सांगू द्या.

मुलगा यावर म्हणेल, पॅकियाओ तर सोळाव्या वर्षीच प्रोफेशनल झाला. बरोबर आहे, 1995 मध्ये, फिलिपिन्समध्ये. मेक्सिकोचा कानेलो अल्वारेझ त्याहून लहान, पंधराव्या वर्षी. त्यामुळे 'आधी ऑलिंपिक, मग व्यवसाय' हा नियम जगभर चालतो असं मी म्हणणार नाही. पण फिलिपिन्समध्ये आणि मेक्सिकोत गावोगावी छोट्या व्यावसायिक लढती होतात. पोरगं तिथं पाच-पन्नास प्रेक्षकांसमोर, थोड्या पैशांत, आपल्याच वजनाच्या पोरांशी लढत शिकतं. आपल्याकडे ही सोय कुस्तीत आहे. जत्रांचा हंगाम सुरू झाला की पैलवान या गावाहून त्या गावाला जातो, शंभराच्या कुस्तीपासून लाखाच्या कुस्तीपर्यंत चढत जातो, खुराकाचा खर्च इनामातून निघतो. बॉक्सिंगला आपल्याकडे अशी जत्रा नाही. व्यावसायिक लढती होतात, पण तुरळक, आणि त्यांना सगळे मानतील अशी एकच संस्थाही नाही. म्हणजे सतराव्या वर्षी करार केलेला मुलगा वर्षातून एक-दोनदा रिंगमध्ये उतरेल आणि बाकी वेळ फोनची वाट बघेल. शिवाय राष्ट्रीय स्पर्धेची वाट तेवढ्यात अवघड होऊन बसेल, ते वेगळंच.

म्हणूनच आपल्याकडचे जे नाव काढण्यासारखे व्यावसायिक झाले ते सगळे पिकून मग उतरले. विजेंदर सिंगनं 2008 ला बीजिंगमध्ये कांस्य जिंकलं, हरियाणा पोलिसात डीएसपी झाला, तीन ऑलिंपिक खेळला आणि 2015 मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, इंग्लंडच्या एका प्रमोटरशी करार केला. पहिली लढत मँचेस्टरला, पुढे वरळीच्या एनएससीआयमध्येही एक गाजली. ओळीनं बारा विजय. पहिला पराभव 2021 मध्ये पणजीत, मांडवीवरच्या कॅसिनो जहाजाच्या छतावर बांधलेल्या रिंगमध्ये झाला. विकास कृष्ण तर व्यावसायिक होऊन, अमेरिकेत लढून पुन्हा हौशी बॉक्सिंगमध्ये परत आला आणि टोकियो ऑलिंपिकला पात्र ठरला. निशांत देवनं 2023 च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, पॅरिस ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरी आणि मग 2025 च्या जानेवारीत लास वेगासला व्यावसायिक पदार्पण केलं, चोवीस वर्षांचा असताना. हे दार अठराव्या वर्षी बंद होत नाही. पदक हातात असलं की उलट प्रमोटर तुमच्या दारी येतो आणि टक्क्यांची बोलणी तुम्ही करता.

मोबाइलवर न दिसणारी दोन नावं देतो. बर्मिंगहॅमचा पीटर बकली आणि त्याच मिडलँड्स भागातला क्रिस्टियन लेट. दोघंही बरोबर 300 लढती लढून निवृत्त झाले. बकली 256 हरला, लेट 279. हे दोघं वाईट बॉक्सर होते असं समजू नका. वाईट बॉक्सर तीनशे वेळा रिंगमधून धडधाकट बाहेर येत नाही. इंग्लंडात छोट्या हॉलमधल्या कार्यक्रमात एका कोपऱ्यात गावचा होतकरू पोरगा असतो, ज्यानं आपली तिकिटं मित्रांना, काका-मामांना विकलेली असतात. त्याच तिकिटांच्या पैशातून समोरच्या कोपऱ्यातल्या पाहुण्याचं मानधन निघतं. पाहुण्यानं चार फेऱ्या नीट लढायचं, पोराला शिकवायचं, गुणांवर हरायचं आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या गावी हजर व्हायचं. कधी फोन आदल्या दिवशी येतो. बकली असाच कोवळ्या वयातल्या, पुढे जगज्जेता झालेल्या नसीम हमीदसमोर उभा राहिला होता. या लोकांना तिथं मान आहे, आणि असायलाच हवा. व्यावसायिक बॉक्सिंगचा बराचसा डोलारा अशा माणसांवर उभा आहे. फक्त तुमच्या मुलानं निवड करताना मेवेदरशेजारी हेही चित्र ठेवावं. आणि होतकरू पोराच्या कोपऱ्यात उभं राहायचं तरी तिकिटं विकावी लागतात, हेही.

पैशाचा हिशेब तसा पटकन होतो. समजा एका लढतीचे लाख रुपये ठरले. परदेशात मॅनेजरचा वाटा साधारण 25 ते 33 टक्के आणि प्रशिक्षकाचा दहा टक्क्यांच्या आसपास असतो. त्यातून सरावाचा जोडीदार, प्रवास, खुराक, वैद्यकीय तपासण्या. तुमच्या कागदावर मॅनेजरचेच 40 आहेत. अमेरिकेत 2000 साली मुहम्मद अलीच्या नावानं कायदा झाला. प्रमोटरनं लढतीतून किती कमावलं ते बॉक्सरला सांगणं त्यात बंधनकारक केलं आणि प्रमोटर व मॅनेजर एकच असण्याला आडकाठी घातली. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, म्हणून कागदच काय तो आधार.

मोठा पैसा आला तरी तो टिकतो असं नाही. जो लुई बारा वर्षं हेवीवेट जगज्जेता होता, 25 वेळा किताब राखला. 1942 मध्ये दोन लढतींचं मानधन त्यानं नौदल आणि लष्कराच्या मदतनिधीला देऊन टाकलं. पुढे करखात्यानं त्याच्या सगळ्या मिळकतीचा हिशेब मागितला तेव्हा दान दिलेल्या रकमेवरचाही कर त्याच्या नावावर निघाला, त्यावर व्याज चढत गेलं. ते फेडायला तो निवृत्तीतून परतला आणि 1951 मध्ये रॉकी मार्सियानोनं त्याला दोऱ्यांमधून बाहेर पाडलं. नंतर त्यानं पैशासाठी कुस्तीचे खेळ केले आणि शेवटी लास वेगासच्या एका कॅसिनोत पाहुण्यांचं स्वागत करायची नोकरी. माणूस उधळ्याही होता, खोटं कशाला बोला. पण त्याच्याभोवती हिशेब सांगणारं कुणी नव्हतं, हेही तितकंच खरं. टायसननं तीस कोटी डॉलरच्या वर मिळवले असं म्हणतात, 2003 मध्ये त्यानं दिवाळखोरी जाहीर केली.

आता तुमची खरी भीती. ती अनाठायी नाही. ठोसे खाऊन बॉक्सरच्या मेंदूवर होणाऱ्या परिणामाचं वर्णन हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरनं 1928 मध्येच करून ठेवलंय. हेडगार्डनं भुवई फुटत नाही, पण कवटीच्या आत मेंदू हलतो तो हलतोच. हौशी पुरुषांच्या वरिष्ठ गटात तर 2013 पासून तो काढूनच टाकला. अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको 1977 मध्ये बाजूला झाले, कारण थांब म्हटलेलं कुणी ऐकेना. अली त्यानंतरही चार वर्षं लढला. 1980 मध्ये लॅरी होम्ससमोर दहा फेऱ्या मार खात उभा राहिला, मग त्याच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकानं लढत थांबवली. 1984 मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. त्यात ठोशांचा वाटा किती यावर डॉक्टरांचं एकमत नाही, पण आईला एवढं पुरे आहे.

तरीही मी तुम्हाला खेळ बंद करा म्हणणार नाही. हौशी, म्हणजे शालेय ते ऑलिंपिकपर्यंतच्या, बॉक्सिंगमध्ये तीन फेऱ्या असतात, व्यावसायिकात चारपासून बारापर्यंत. पंच लवकर थांबवतात. आणि धोका लढतीत असतो तितकाच रोजच्या सरावात असतो, तो कुणी मोजत नाही. तेव्हा एकदा क्लबवर जा, कोचसरांना भेटा. जोरकस स्पारिंग, म्हणजे सरावातली लढत, आठवड्यातून किती दिवस? समोर कुणाला उभं करता, त्याच्याच वजनाचा की दोन गट वरचा? डोकं गरगरलं, उलटी झाली, तर किती दिवस ग्लोव्हज घालू देत नाही? 'ताई, आमच्याकडे असं काही होत नाही' असं उत्तर आलं तर क्लब बदला. स्पर्धेआधी वजन उतरवायला पोरगा पाणी बंद करतो का, यावर मात्र तुम्हीच घरी लक्ष ठेवा. वाढीच्या वयात एक वजनगट वर खेळला तर आभाळ कोसळत नाही.

आता पुढची दोन वर्षं. बारावी करायचीच. सायन्स त्याला मनापासून नको असेल आणि दिवसातून दोनदा सराव असेल तर आर्ट्सला बदलून घ्या, नातेवाईक काय म्हणतील ते म्हणोत. शालेय स्पर्धेच्या पदकावर बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. त्यासाठी कॉलेजमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात अर्ज वेळेत जायला हवा, दरवर्षी कितीतरी मुलांचे हे गुण निव्वळ आळसानं बुडतात. राज्याचं रौप्य चांगलं आहे, पण खरी परीक्षा राष्ट्रीय स्पर्धेत, हरियाणा आणि सेनादलाच्या मुलांसमोर. तिथं पदक आलं की पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी, रेल्वेत, पोलिसात वाटा उघडतात. सैन्यात गुणवान खेळाडूंची थेट हवालदार म्हणूनही भरती होते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते, म्हणून प्रत्येक स्पर्धेचा मूळ कागद जपून ठेवा. लॅमिनेट करू नका.

बॉक्सिंग साधारण पस्तिशीत संपतं, नोकरी साठीपर्यंत चालते. फ्रेडी रोच स्वतः मध्यम दर्जाचा बॉक्सर होता, पॅकियाओचा प्रशिक्षक म्हणून जग त्याला ओळखतं. क्लिट्स्को बंधूंनी जगज्जेतेपद मिळवता मिळवता क्रीडाविज्ञानात पीएचडी केली. बारावी झाली की तुमच्या मुलाला सायन्स ठेवलं तर फिजिओथेरपी, आणि पुढे पदवी करून बी.पी.एड. किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमा, अशा वाटा खुल्या राहतात.

मॅनेजरला एवढंच कळवा, 'मुलगा अठराचा होऊन बारावी झाला की बोलू.' माणूस खरा असेल तर थांबेल. आणि मुलाला म्हणा, पुढचं पत्र त्यानं स्वतः लिहावं. सोबत त्याच्या गेल्या हंगामातल्या लढतींची यादी पाठवावी, हरलेल्यासुद्धा, आणि प्रत्येकीत कोणत्या फेरीत काय चुकलं ते. ती वाचल्यावर त्याच्याशी व्यावसायिक बॉक्सिंगबद्दल बोलायला मला आवडेल.