चूल धुमसतेय? आधी लाकूड बघा

प्रश्न : राजापूरजवळ गावच्या घरी राहायला आलोय, आईला भाकरी चुलीवरचीच लागते. मेअखेर वाऱ्याने आंब्याची मोठी फांदी पडली, तीच तोडून पडवीत रचली आणि आता जाळतोय, पण जाळ धरतच नाही, नुसता धूर. आईला खोकला लागलाय. चूल बदलू का? आणि लाकूड कुठलं आणू?

उत्तर : दादा, चूल नका बदलू. पहिल्यांदा आईंचं बघा, चूल पेटली की खिडकी आणि मागचं दार उघडंच ठेवा, आणि खोकला थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, त्यात चालढकल नको.

आता एक करा, त्यातलं एक लाकूड चुलीत सारा आणि बाहेर राहिलेलं टोक बघत बसा. तिथून सूं आवाज करत फेस येतोय ना? ते आतलं पाणी. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं, म्हणजे दहा किलो लाकूड घातलंत तर चार-पाच लिटर पाणी उकळवताय आणि जाळ उरलाच तर भाकरीला. पावसाने वरून भिजलेलं लाकूड दोन-चार दिवस आडोशाला ठेवलं की सुकतं, पण हा आतला ओलावा जायला महिने लागतात, आणि अख्खा ओंडका तसाच ठेवला तर वर्षानेही जात नाही कारण साल पाणी धरून ठेवते. म्हणून फोडायचंच, मनगटाएवढं जाड, हातभर लांब. वाळलेलं लाकूड हाताला हलकं लागतं, टोकाला भेगा पडतात, साल सुटते, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणटण वाजतात, ओलं असेल तर धप्प.

भाकरीला ऐन, किंजळ नाहीतर सुरू बघा, तव्याखाली एकसारखा जाळ राहतो आणि भाकरी फुगवायला मागे आर, म्हणजे निखारे, पण चांगला पडतो (देशावर हेच काम बाभूळ करते). शेवगा, पांगारा, सावर कागदासारखं भुर्रकन जळून जातं, पेटवण्यापुरतं ठीक, पण त्याला नारळाची करवंटी आणि सोडणं (वरची साल) घरात आहेतच की. उभं झाड तोडायचं मनात असेल तर थांबा, ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस हे सगळे 1964 च्या वृक्षतोड कायद्यात येतात, आधी परवानगी घ्यावी लागते.

कण्हेर आणि बिब्बा चुलीत अजिबात नको, बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात आणि कण्हेर तर विषारीच. काजूची टरफलं, रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड पण नको, तो धूर आईंच्याच छातीत जाणार.

रचताना खाली चिरे ठेवा, भिंतीपासून हातभर लांब, मधून वारा खेळू दे, वरून पत्रा पण बाजू उघड्या. लोक सगळीकडून ताडपत्री गुंडाळतात मग आत बुरशी धरते. आणि लाकूड काढताना आधी काठीने हलवा, एकदम हात घालू नका, आपल्याकडे फुरसं आणि विंचू अशाच जागी बसलेले असतात.

सध्यापुरतं शेजारी कुणाच्या मांगरात (शेतातल्या खोपीत) गेल्या वर्षीचं सुकं सरपण असेल तर मागून आणा. आंब्याची फांदी फेकू नका हां, आत्ताच फोडून रचून ठेवा, शिमग्यापर्यंत मस्त वाळेल.