जुलैत परदेशात ऊन हवंय? मी त्रिंकोमाली म्हणेन

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर तुमचा खाण्यापिण्याचा शॅक आहे, मेअखेर तो उतरवला की मगच तुम्हाला श्वास घ्यायला मिळतो. जुलैत सहा दिवस परदेशी जायचंय. तुम्ही दोघं, बारा वर्षांचा मुलगा आणि फोंड्याच्या सासूबाई. ऊन हवं, समुद्र हवा, "पण नुसती वाळू नको, ती दारातच आहे". वर कोणी फुकेत सुचवलंय, कोणी दुबई.

जुलैत फुकेतला जाऊ नका. ते अंदमान समुद्राच्या बाजूला आहे. आपल्याकडे छप्पर वाजवणारा नैऋत्येचा वाराच तिथेही धडकतो. लाल बावटे, गढूळ पाणी, बोटी रद्द. पॅकेज स्वस्त मिळतं ते याच कारणाने. थायलंडच हवं असेल तर आखाताच्या बाजूचं को सामुई बघा. मालदीवलाही हे दिवस पावसाचेच. बाली कोरडं असतं, पण जुलै-ऑगस्ट हा तिथला ऐन गर्दीचा मोसम, आणि ऑक्टोबरपासून गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभी राहिलेली माणसं सुट्टीत पुन्हा गर्दीत कशाला जातील? दुबईला ऊन भरपूर, फक्त ते काचेआडून बघावं लागेल.

माझं मत श्रीलंकेचा पूर्व किनारा. "श्रीलंका पावसाळ्यात?" असं सगळेच विचारतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर कोलंबो आणि गॉल असतं. तो पश्चिम-दक्षिण किनारा मे ते सप्टेंबर भिजलेला असतो. पण वारा आपला सगळा पाऊस मधल्या डोंगरांच्या पश्चिम अंगावर टाकतो आणि पलीकडे कोरडा उतरतो. चोर्ला घाटात धो-धो पाऊस आणि बेळगावच्या पुढे गेलं की रस्ता कोरडा, हे आपण दर वर्षी बघतो, तसंच. पूर्वेकडे उतरणाऱ्या त्या गरम, सुक्या वाऱ्याला तिथे 'कच्चान' म्हणतात. त्रिंकोमालीचे जून-जुलै म्हणजे कडक ऊन आणि बऱ्यापैकी शांत समुद्र. तिकडचा पावसाळा आपल्या दिवाळीच्या सुमारास सुरू होतो.

आता करायचं काय. तुमच्यासाठी मी सहा दिवसांचे दोन तुकडे करेन: आधी दोन रात्री हबरणा किंवा सिगिरियाला, मग तीन रात्री त्रिंकोमालीजवळच्या निलावेली नाहीतर उप्पुवेलीच्या किनाऱ्यावर. कोलंबोत राहू नका, विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला कटुनायकेला आहे, तिथूनच व्हॅन करून थेट हबरणा गाठा. चारेक तास लागतात. गोव्याहून बेंगळुरू किंवा चेन्नई करून गेलात आणि विमान सकाळी पोचलं तर दुपारच्या जेवणाला तुम्ही हबरण्यात असाल.

हबरण्याला थांबायचं कारण हत्ती. मिन्नेरिया हा तिसऱ्या शतकात महासेन राजाने बांधलेला तलाव. जुलै ते सप्टेंबर पाणी मागे सरतं, उघड्या पडलेल्या काठावर कोवळं गवत येतं आणि आसपासच्या रानातले हत्ती तिथे उतरतात, चांगल्या दिवशी शेकडोंनी. जीप दुपारी तीनच्या सुमाराला घ्या, सकाळी जाऊन उपयोग नाही, कळप संध्याकाळकडे बाहेर पडतात. आणखी एक. मिन्नेरियाचंच तिकीट आधी काढून ठेवू नका. तलावात पाणी जास्त राहिलं की गवत कमी आणि हत्ती शेजारच्या कौडुल्लाला किंवा हुरुलूच्या रानात जातात. हबरण्याच्या नाक्यावर जीपवाल्याला "काल कुठे होते?" एवढं विचारा, ते एकमेकांना फोन करून सांगतात. सासूबाईंना जीपमध्ये पुढे बसवा, मागे हाडं खिळखिळी होतात.

सिगिरिया मुलासाठी. पाचव्या शतकात कश्यप राजाने एका उभ्या खडकावर राजवाडा बांधला, खडकाच्या मध्यावरची चित्रं आणि सिंहाचे दोन प्रचंड पंजे अजून आहेत. पायऱ्या बाराशेच्या आसपास. दार उघडताच चढायला लागा, नऊनंतर खडक तापतो आणि लोखंडी जिन्यावर रांग लागते. वर गांधीलमाश्यांची पोळी आहेत, "आवाज करू नका" ही पाटी शोभेची नाही हे मुलाला बजावून ठेवा. सासूबाईंना खालच्या बागेत तळ्याकाठी बसता येईल, भावोजींना त्यांच्यासोबत बसायचं निमित्त मिळेल. इथे सार्क देशांच्या पासपोर्टवर तिकिटात सवलत मिळते, म्हणून मूळ पासपोर्ट खिशात हवा. (घरात कोणी पोर्तुगीज पासपोर्ट केला असेल तर त्याने आपलं पूर्ण तिकीट मुकाट्याने काढावं.)

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत समुद्रावर. हबरणा ते त्रिंकोमाली दोन तासांचाही रस्ता नाही.

तुम्ही म्हणालात वाळू नको, तर पाण्याखाली जा. निलावेलीसमोर किलोमीटरभर आत पिजन आयलंड आहे, 2003 पासून राष्ट्रीय उद्यान. आपल्या किनाऱ्यावर पाणी गढूळ असतं, गुडघ्याखालचं पाऊल दिसत नाही. त्यामुळे गोव्यात समुद्राकाठी वाढलेली माणसंही समुद्राच्या आत काय असतं ते बघितलेली नसतात. इथे कमरेएवढ्या पाण्यात तोंड बुडवलं की प्रवाळ, पोपटी-निळे मासे, नशीब असेल तर कासव. बेटाच्या मागच्या अंगाला काळ्या टोकाच्या पंखाचे लहान शार्क फिरतात, ते माणसाच्या वाटेला जात नाहीत. मुलाला आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिला शार्क दिसला की तो तुमच्या डोक्यावर चढेल.

सकाळची पहिली बोट घ्या. दहानंतर बेटावर पाय ठेवायला जागा नसते, शनिवार-रविवार तर विचारूच नका. किनारा वाळूचा नाही, मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांचा आहे, अनवाणी दोन पावलंही चालवत नाहीत, तेव्हा पाण्यात चालणारे रबरी बूट इथूनच घेऊन जा. पाण्याखाली बघायला घालतात त्या मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळून मग विसळायची, म्हणजे धुकं धरत नाही. मुलाच्या कपाळावरचे केस मास्कच्या रबराखाली अडकले की पाणी आत येत राहतं आणि तो "हा मास्क फुटका आहे" म्हणून रडेल. केस मागे घ्या, पट्टा फार आवळू नका, बस्स. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घालायचंच. आणि प्रवाळावर उभं राहायचं नाही, एका पावलाने मोडलेलं वाढायला वर्षं लागतात.

उन्हाबद्दल इथेच सांगतो. आपण म्हणतो, आम्हाला काय ऊन नवीन आहे? पण आपण उन्हात उभे असतो, पालथे तरंगत नसतो. तासभर तोंड पाण्यात आणि पाठ वर, पाणी गार लागतं म्हणून कळत नाही, रात्री मात्र पाठ टेकवत नाही. मांड्यांची मागची बाजू सगळे विसरतात. लांब बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची पँट, एवढ्याने काम होतं, मग क्रीमही कमी लागतं, आणि काही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळाला बाधतात तोही प्रश्न मिटतो. अकरा ते साडेतीन खोलीत पंख्याखाली झोपा. आपल्याला दुपारची झोप शिकवावी लागत नाही. तहानेला थंबिली प्या, ते नारंगी सालीचं शहाळं, रस्त्यावर जागोजागी मिळतं.

सासूबाईंसाठी कोणेश्वर. त्रिंकोमालीच्या टोकाला, समुद्रात घुसलेल्या कड्यावर शिवाचं देऊळ. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा पोर्तुगीजांमुळे नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, का न्यावी लागली हे फोंड्याच्या माणसाला सांगावं लागत नाही, तेव्हा इथली गोष्टही त्यांना एका वाक्यात कळेल. 1620च्या दशकात पोर्तुगीजांनी हे देऊळ पाडलं आणि त्याचेच दगड वापरून त्या टेकाडावर किल्ला बांधला. आजच्या देवळाला जायचा रस्ता त्याच किल्ल्याच्या दारातून जातो, नाव आता फोर्ट फ्रेडरिक. 1956 मध्ये आर्थर सी. क्लार्क आणि माइक विल्सन या पाणबुड्या जोडीला कड्याखाली समुद्रतळाशी जुन्या देवळाचे अवशेष सापडले. आजचं देऊळ त्या मानाने नवं, रंगीत आहे, पण कड्याच्या कठड्याशी उभं राहून खाली बघितलं की पाणी इतकं खोल निळं दिसतं की सासूबाईंचा हात धरून ठेवा. जवळच्या झाडाला मूल व्हावं म्हणून बांधलेले छोटे लाकडी पाळणे लटकत असतात. किल्ल्यात चितळ मोकळे फिरतात, हातातली केळी ओढून नेतात.

जायचं ते सकाळी लवकर किंवा संध्याकाळच्या पूजेला. चपला खाली काढाव्या लागतात आणि दुपारी फरशीवर पाय भाजतात. परतताना कन्नियाच्या गरम झऱ्यांवर थांबा, शहरापासून दहा किलोमीटरच्या आतच आहे. सात छोट्या चौकोनी विहिरी, प्रत्येकीचं पाणी कमी-जास्त ऊन, बादलीने काढून अंगावर ओतायचं. रावणाने आईच्या अंत्यविधीसाठी हे झरे काढले अशी तिथली कथा. पोहायला तलाव वगैरे नाही, मुलगा पंधरा मिनिटांत कंटाळेल. सासूबाई कंटाळणार नाहीत.

देवमासे बघायच्या बोटीही त्रिंकोमालीहून सुटतात. तुमच्या मंडळींसाठी मी त्या सोडून देईन. काही तास उघड्या बोटीत, दिसतील याची खात्री नाही, आणि पिजन आयलंडसमोर ते फिकं पडतं. आरुगम बे सर्फिंगसाठी नावाजलेलं आहे पण बरंच दक्षिणेला, सहा दिवसांत त्याच्या मागे लागू नका.

जेवणाचं. त्रिंकोमालीत तमिळ वस्ती मोठी, त्यामुळे शाकाहारी खाणावळीत इडली-डोसा, आप्पे नव्हे तर वाटीसारखे मऊ आप्पम, नारळाच्या दुधातली डाळ, कोवळ्या फणसाची भाजी सहज मिळते. सासूबाई सोमवार पाळत असतील तर एकच सावधगिरी: नारळाचं तिखट 'पोल संबोल' दिसायला आपल्या सुक्या चटणीसारखं असतं, पण त्यात बहुतेक वेळा सुक्या माशाचा भुगा घालतात, भाज्यांतही घालतात. त्या भुग्याला 'उंबलकडा' म्हणतात, मागवण्याआधी "उंबलकडा नको" एवढं म्हणा. भावोजींनी 'अंबुल थियल' जरूर खावं. ट्यूनाचे तुकडे गोरका घालून सुकं होईपर्यंत शिजवलेले असतात. गोरका आपल्या सोलांच्याच कुळातलं, सोलांपेक्षा काळपट. जुलैत आपल्याकडे ट्रॉलर बंद, नुस्त्यासाठी, म्हणजे मासळीसाठी, तरसलेल्या माणसाला ते औषधासारखं लागेल. शेवटी मडक्यातलं म्हशीचं दही आणि वर कितुलच्या झाडाचा पाक. तो मधासारखा दिसतो, मुलगा दोन वाट्या मागेल.

कागदपत्रांत प्रवासाची ऑनलाइन परवानगी श्रीलंकेच्या सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, मिळतीजुळती नावं घेऊन जास्त पैसे घेणाऱ्या साइट्स बऱ्याच आहेत. मुलाचा पासपोर्ट आजच उघडून बघा, लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो आणि परतीनंतरही काही महिने शिल्लक असलेला बरा. शाळेचे चार दिवस बुडतील ते बुडू देत.

तारखा ठरवताना पौर्णिमा कुठे येते ते बघून घ्या. दर पौर्णिमेला तिथे 'पोया'ची सुट्टी असते, देशभर दारूविक्री बंद, आणि देवळांत, रस्त्यांवर स्थानिक कुटुंबांची गर्दी. कोणेश्वर त्या दिवशी नको, आणि भावोजींची बियर आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये असू द्या.