पत्रिकेवर बारा आकडे, तरी शेतात पाणी का तुंबतं?

सोयाबीनची काढणी उरकली, हरभऱ्याची घाई सुरू आहे. या आठवड्यात आलेले चार प्रश्न एकत्र घेतो, कारण चारही खताचे नाहीत, मातीच्या घडणीचे आहेत.

जमीन आरोग्य पत्रिकेत सगळं ठीक आहे, खतं शिफारशीप्रमाणे दिली. तरी मोठा पाऊस झाला की चार-चार दिवस पाणी उभं राहतं आणि सोयाबीन पिवळं पडतं. जमीन भारी काळी. पाच-सहा वर्षं नांगरट नाही, फक्त रोटाव्हेटर. (परभणी जिल्हा)

दादा, पत्रिका चुकीची नाही. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, मँगनीज, तांबे, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब असे बारा आकडे तिच्यात असतात. हवा-पाण्याला जमिनीत फिरायला वाट किती आहे, हे त्या बारांत कुठेच नाही. शिवाय नमुना कुटून, चाळून तपासला जातो. म्हणजे जमिनीची घडण तपासणीच्या आधीच मोडलेली असते. ती बघायची तर शेतातच बघावी लागते, आणि त्याला कुदळ-फावडं पुरे.

आत्ताच, ओल आहे तोवर, पाणी तुंबतं त्या जागी दोन फूट खोल खड्डा घ्या. दुसरा खड्डा बांधाकडेला, जिथे ट्रॅक्टरचं चाक जात नाही तिथे. दोन्ही खड्ड्यांच्या उभ्या भिंतीत वरून खालपर्यंत चाकूचं टोक टोचत जा. रोटाव्हेटरची पाती चार-पाच इंचांपर्यंतच जातात, त्याखालची माती दरवर्षी घासून-दाबून बसते. तिथे चाकू अडला, माती आडव्या पापुद्र्यांनी सुटली आणि सोयाबीनचं सोटमूळ कोपरासारखं मुडपून आडवं गेलेलं दिसलं, तर दुखणं सापडलं. वरची माती पिठासारखी, खाली फरशी. पाणी जाणार कुठे? मुळांना हवा मिळत नाही, मुळांवरच्या नत्राच्या गाठी गुदमरतात आणि पीक पिवळं पडतं. तिथे युरिया टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, आणि या बाबतीत अगदी शब्दशः.

आकडाच हवा असेल तर तोही काढता येतो. दोन्ही तोंडं उघडी असलेला, ७ सेंमी व्यासाचा आणि ७ सेंमी उंचीचा पत्र्याचा डबा त्या थरात अलगद ठोका, माती कडेला सपाट कापा. डब्यात २६९ घन सेंमी माती मावते. ती प्रयोगशाळेतल्या भट्टीत १०५ अंशांवर २४ तास वाळवून वजन केलं आणि ३९० ग्रॅम भरलं, तर घनता झाली १.४५ ग्रॅम प्रति घन सेंमी. भारी चिकण जमिनीत इथून पुढे मुळांची दमछाक होते. तीच घनता १.२ असेल तर निम्म्याहून जास्त जागा पोकळ असते. एक मात्र लक्षात ठेवा, काळी माती ओलीने फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून दोन्ही खड्ड्यांतले नमुने एकाच दिवशी, वाफशावर घ्या, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी अशी असताना. नाहीतर तुलना फसते.

थर सापडला तर सबसॉयलर, म्हणजे खालचा कडक थर फोडणारं खोल अवजार, एप्रिल-मे महिन्यांत चालवा, जमीन खोलवर वाळल्यावर. कोरडी माती तडकते. ओलीत तेच अवजार नुसती चीर पाडून जातं आणि चिरेच्या कडा लिंपून टाकतं. थर सापडलाच नाही तर भाड्याचे पैसे वाचवा. पुढच्या खरिपात सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर घ्या. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनीसाठीच ही पद्धत बसवली, दीड मीटरच्या पट्ट्यात एक मीटर वरंबा आणि अर्धा मीटर सरी. रोटाव्हेटरला माझा विरोध नाही, पण दरवर्षी, ओल्यात आणि फक्त तोच, याला आहे.

वाफसा आला हे नेमकं कसं ओळखायचं? ट्रॅक्टरवाला सांगेल त्या दिवशी काम करावं लागतं. (लातूर जिल्हा, एक ताई)

ताई, पृष्ठभाग बघून ठरवू नका. वरची माती सुकलेली दिसते आणि खाली चिखल असतो. अवजार जितकं खोल जाणार, तिथली मूठभर माती घ्या आणि तळव्यावर वळून वात करा. ज्वारीच्या दाण्याएवढी बारीक वात न तुटता वळली तर जमीन अजून ओली आहे, ट्रॅक्टर परत पाठवा. तेवढी बारीक होण्याआधीच वात तुटू लागली तर वाफसा आहे. मुटकाच बसत नसेल तर वेळ टळली, ढेकळं निघतील. स्वीडनच्या आल्बर्ट आटरबर्ग यांनी १९११ मध्ये मातीच्या ओलीच्या मर्यादा सांगितल्या, त्यातलीच ही एक. रस्ते-धरणांची माती आजही अशी वात वळून तपासतात.

ट्रॅक्टरवाल्याचं गणित मला कळतं, त्याला दिवसाला दहा शेतं उरकायची असतात. पण सगळ्यात जास्त दाब चाकाच्या पहिल्याच फेरीत बसतो. निदान चाकं दरवेळी त्याच वाटेने जातील एवढा आग्रह धरा.

रब्बी ज्वारीत भेगा पडल्या. पाणी दिलं की सगळं भेगांतून खाली जातं.

काका, बेसाल्टपासून बनलेल्या आपल्या मातीत फुगणारी चिकणमाती भरपूर, तेव्हा भेगा पडणारच. उन्हाळ्यातल्या भेगांना मी तर जमिनीची फुकटची नांगरट म्हणतो. वरची माती आत पडते, कडक थर चिरतो. पिकात मात्र त्या मुळं तोडतात आणि खालची ओल उडवतात. भेगा केसाएवढ्या असतानाच कोळपा. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ हे जुनी माणसं उगाच म्हणत नव्हती. भेगा रुंद झाल्यावर पाणी द्यायचं तर आधी कोळप्याने त्यांची तोंडं बुजवा, मग हलकं पाणी.

बोअरचं पाणी सुरू केल्यापासून जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होत चालली. जिप्सम किती टाकू?

आधी एक करून बघा. हरभऱ्याएवढा वाळलेला मातीचा खडा काचेच्या पेल्यात पावसाच्या पाण्यात सोडा आणि न हलवता काही तास ठेवा. खडा नुसता विस्कटला तर सेंद्रिय खताची कमतरता. भोवती दुधासारखं गढूळ वलय धरलं तर सोडियमचा संशय घ्या. बोअरचंच पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांनी गढूळपणा दबतो. वलय दिसलं तर माती आणि बोअरचं पाणी, दोन्हींचे नमुने तपासायला द्या, जिप्समचा आकडा त्यावरून निघेल. तोवर शेताच्या खालच्या अंगाला चर काढून ठेवा. जिप्सम सोडियमला मातीपासून सोडवतं, पण बाहेर त्याला पाण्यासोबतच जावं लागतं.