बोटं हलतात, म्हणजे हाड शाबूत?

प्रश्न: डॉक्टर, माझा ७ वर्षांचा मुलगा पेरूच्या झाडावरून हातावर पडला, कोपर टम्म सुजलं. बोटं हलत होती म्हणून सासूबाई म्हणाल्या मुका मार आहे, हाडवैद्याकडून चोळून आणू. मी एक्स-रेसाठी हट्ट धरला तर कोपराच्या वरचं हाड मोडलेलं निघालं, परवाच प्लास्टर घातलंय. मग बोटं हलत कशी होती? आता घरी काय बघायचं?
– एक वाचक, वाई

उत्तर: ताई, हट्ट धरलात ते फार बरं केलंत. बोटं हलवणारे स्नायू कोपराच्या खाली असतात, त्यामुळे दंडाचं हाड कोपरापाशी मोडलं तरी नसा धड असल्या की बोटं हलतातच, आणि या एका समजुतीपायी पोरं दोन-दोन दिवस उशिरा येतात, बघून जीव तुटतो. आणि चोळणं तर नकोच नको, मोडलेली टोकं हलतात, सूज वाढते, कधी स्नायूतच नवं हाड धरतं आणि कोपर धड वाकत नाही.

आता प्लास्टरचं. हात उशीवर, छातीपेक्षा वर ठेवा. दर दोन तासांनी त्याचं नख दाबून पांढरं करा आणि सोडा, दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. मग दुमडलेली बोटं हलक्या हाताने सरळ करून बघा. तेवढ्याने पोरगं किंचाळलं, किंवा औषध देऊनही दुखणं चढतच गेलं, बोटं गार किंवा बधिर पडली, तर रात्रीचे २ वाजले असले तरी निघा, सकाळची वाट बघू नका. नाडी लागतेय म्हणूनही निर्धास्त राहू नका. आत दाब वाढून रक्त अडलं की साधारण ६ तासांत स्नायू कायमचे मरायला लागतात आणि पंजा आखडून बसतो. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ मध्येच घट्ट बांधलेल्या हातांबद्दल हे लिहून ठेवलंय, तरी आजही कामट्या करकचून बांधलेले हात येतात हो!

शेजारीपाजारी कुणाचं पोर असं पडलं तर हात ओढून सरळ करू नका, आहे तसाच मासिकाची गुंडाळी आणि ओढणीने सैलसर आधार देऊन आणा. मनगटातला काळा दोरा, कडं सूज चढायच्या आत काढा. आणि चहा-बिस्कीट देऊ नका, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं लागतं.