डीव्हीडी उतरवताना सेटिंग काय ठेवावं?

लग्न-मुंजीच्या आणि गडकरी रंगायतनमधल्या स्नेहसंमेलनांच्या डीव्हीडी असतील, तर आधी सेटिंगचा घोळ नको. सगळ्या डिस्क जशाच्या तशा हार्डडिस्कवर उतरवून घ्या. घरी बर्न केलेल्या डिस्क छापील डिस्कपेक्षा लवकर खराब होतात, आणि ठाण्याची पावसाळी दमट हवा त्यांना मुळीच मानवत नाही.

मग हँडब्रेक हे व्हिडिओ रूपांतराचं सॉफ्टवेअर उघडा. फुकट आहे, पुरेसं आहे. आपल्याकडच्या डिस्क बहुतेक पाल या टीव्ही पद्धतीच्या, म्हणजे ७२० बाय ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम. चित्राचा आकार तोच राहू द्या. १०८० (फुल एचडी) केल्याने आजीच्या शालूची जर काही जास्त चमकणार नाही, फाइल मात्र फुगेल.

बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा, हे ठरवत बसू नका; दर्जा सारखा ठेवणारी कॉन्स्टंट क्वालिटी निवडा. एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटला आरएफ, म्हणजे दर्जाचा आकडा, २० ठेवा. अंधारातलं, दाणेदार चित्रण असेल तर १८. आकडा जितका कमी, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी.

खरी गोम इंटरलेसिंगची, म्हणजे एकाच फ्रेममध्ये दोन क्षणांच्या ओळी एकाआड एक बसवलेल्या असतात त्याची. वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्यासारखे दाते दिसले, की डीइंटरलेस लावायचंच. त्यात ‘बॉब’ निवडलंत तर २५ च्या ५० फ्रेम होतात आणि हालचाल मूळ कॅमेऱ्यासारखी सलग दिसते. मी घरगुती चित्रणाला हेच लावतो.

आवाज पासथ्रू, म्हणजे न बदलता जसाच्या तसा. आधी दोन मिनिटांचा नाचाचा तुकडा करून टीव्हीवर बघा, मगच अख्खी रांग रात्रभर लावा.